पेन्सिल सेलसाठी स्मार्ट चार्जर कोणता घ्यावा आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो कसा वापरावा?

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी) यांची विचारणा:

सर्वांना नमस्कार. मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे आणि आमच्या भजनी मंडळाच्या माईक-स्पीकरची व्यवस्था गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मंडळाकडे दोन कॉर्डलेस माईक असून प्रत्येकाला दोन पेन्सिल सेल, म्हणजे डबल ए मापाचे सेल, लागतात. सप्ताहात पहाटेचा काकडा, दुपारचे प्रवचन, संध्याकाळचा हरिपाठ आणि रात्रीचे कीर्तन मिळून माईक रोज पाच-सहा तास चालतो. दर वेळी नवे सेल आणून टाकून देणे मंडळाला परवडेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी आठ रिचार्जेबल सेल आणि दुकानदाराने त्यांच्यासोबत दिलेला एक स्वस्त चार्जर घेतला.

यंदा वैशाखातल्या सप्ताहात पाचव्या दिवशी, महाराज अभंगाचे दुसरे चरण सोडवत असताना माईक बंद पडला. सेल रात्रभर चार्जिंगला लावलेले होते. दुसरी जोडी घातली, तीही अर्ध्या तासात बसली. शेवटी वायरचा माईक जोडून कीर्तन पुरे करावे लागले. कोणी काही बोलले नाही, परंतु समोर शे-दोनशे माणसे कान देऊन बसलेली असताना आवाज तुटला याची मला अजून रुखरुख आहे.

चार्जरचे वर्णन असे की, त्याला चार कप्पे आहेत, पण दिवे दोनच आहेत. दिवा लाल लागतो आणि सेल काढेपर्यंत विझत नाही. एकच सेल लावला तर दिवा लागतच नाही, शेजारी दुसरा लावावा लागतो. सकाळी सेल काढताना कधी कधी बोटाला चटका बसावा इतके ते तापलेले असतात. चार्जर देवळाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत असतो आणि रात्रीतून लाईट दोन-तीनदा जाते-येते. सेलवर २८०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचे माप) असे छापलेले आहे.

आता नवीन ‘स्मार्ट’ चार्जर घ्यावा असा विचार आहे. तो खरोखर वेगळे काय करतो, घेताना नेमके काय पाहावे, सेल रात्रभर लावून ठेवले तर चालतात का, आणि घरातल्या रक्तदाब मोजण्याच्या यंत्रालाही हेच सेल वापरता येतील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वाळूजचा दुरुस्तीवाला (छत्रपती संभाजीनगर) यांचे उत्तर:

सर, आपण चार्जरचे जे वर्णन केले आहे त्यातच बहुतेक उत्तर आलेले आहे. चार कप्पे आणि दोन दिवे याचा अर्थ तो चार्जर दोन-दोन सेल एका माळेत जोडून चार्ज करतो. माळेतल्या दोन्ही सेलमधून एकच प्रवाह तितकाच वेळ जातो. समजा, एक सेल माईकमधून पूर्ण उतरून आला आणि त्याच्या जोडीला लावलेल्या सेलमध्ये अर्धे चार्जिंग शिल्लक होते, तर चार्जरला त्यातला फरक कळण्याची काही सोयच नाही. अर्धा भरलेला सेल आधी भरतो आणि मग तासन्‌तास उगीच तापत राहतो. त्याला वाचवायचे म्हणून चार्जर लवकर काढावा, तर दुसरा सेल उपाशी राहतो. दोन वर्षे असे चालल्यावर आठ सेलांची क्षमता आठ प्रकारची होते, आणि माईकमध्ये दोन्ही सेल एकापुढे एक असल्यामुळे त्यातला दुबळा सेल बसला की माईक बंद पडतो. दुसऱ्या सेलमध्ये कितीही जीव असला तरी तो उपयोगाचा राहत नाही.

चांगला चार्जर प्रत्येक कप्प्यातल्या सेलकडे स्वतंत्र पाहतो, हा खरा फरक आहे. निकेल-मेटल हायड्राइड सेल, म्हणजे आपले हे रिचार्जेबल पेन्सिल सेल, चार्ज होत असताना त्याचा व्होल्टेज हळूहळू वाढत जातो. सेल भरत आला की आत ऑक्सिजन तयार होऊ लागतो, तो ऋण ध्रुवाच्या पत्र्यावर पुन्हा शोषला जातो आणि त्या क्रियेत उष्णता निघते. सेल तापला की चढत आलेला व्होल्टेज किंचित खाली येतो. ही घसरण एका सेलमागे काही मिलिव्होल्टच असते, पण चार्जरमधला चिमुकला प्रोसेसर नेमकी तीच टिपतो आणि त्या कप्प्यापुरते चार्जिंग थांबवतो. याला ‘निगेटिव्ह डेल्टा व्ही’ म्हणतात. ही खूण हुकलीच तर तापमान आणि कमाल वेळ या दोन मर्यादा पाठराखणीला असतात. आपल्या जुन्या चार्जरमध्ये यातले काहीच नाही, म्हणून त्याचा दिवा विझत नाही.

दुकानात ओळखण्याची सोपी रीत सांगतो. एकच सेल, तोही कोणत्याही कप्प्यात, लावून पाहावा. दिवा लागला आणि चार कप्प्यांना चार दिवे किंवा पडद्यावर चार आकडे असले, तर कप्पे स्वतंत्र आहेत. एका सेलवर दिवा लागत नसेल तर खोक्यावर ‘स्मार्ट’ कितीही मोठ्या अक्षरांत छापलेले असले तरी तो चार्जर घेऊ नये.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. सावकाश चार्ज केलेला सेल जास्त टिकतो, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. प्रमाणित मापनात सेल क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने, म्हणजे २००० एमएएचचा सेल २०० मिलिअँपिअरने, १६ तास भरतात हे खरे, परंतु तिथे घड्याळ लावून चार्जिंग बंद करणारे कोणीतरी असते. इतक्या कमी प्रवाहाला व्होल्टेजची ती घसरण जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे स्मार्ट चार्जरसुद्धा थांबायचे चुकतो. २००० एमएएचच्या सेलला ५०० ते १००० मिलिअँपिअर हा समंजस प्रवाह आहे. भरताना क्षमतेपेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त द्यावे लागतात, म्हणून ५०० मिलिअँपिअरला साडेचार ते पाच तास धरावेत. रिमोटचे बारीक, ट्रिपल ए मापाचे सेल साधारण ८०० एमएएचचे असतात. त्यांना ३०० ते ४०० पुरे.

तिसरी गोष्ट लाईटची, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. घड्याळावर चालणाऱ्या स्वस्त चार्जरची वेळ लाईट गेली की पुसली जाते आणि आली की पहिल्यापासून सुरू होते. आठ तासांच्या चार्जरची लाईट रात्रीतून तीनदा गेली, तर भरलेला सेलही पुन्हा पुन्हा आठ तासांच्या मोजणीला बसतो. घसरण ओळखणारा चार्जरही लाईट आल्यावर नव्याने सुरू होतो, मात्र सेल भरलेला आहे हे त्याला बऱ्याच लवकर कळते. शक्य असेल तर मोबाईलच्या अडॅप्टरवर चालणारा, यूएसबीचा चार्जर घ्यावा, म्हणजे लाईट नसताना तो पॉवर बँकेवरही चालतो. फक्त अडॅप्टर सशक्त हवा. चार सेल प्रत्येकी १ अँपिअरने भरायचे तर सेलांनाच जवळजवळ ६ वॅट लागतात, चार्जरची स्वतःची गळती वेगळी. मोबाईलचा जुना ५ वॅटचा अडॅप्टर त्याला पुरणार नाही, १० वॅटचा लावावा.

लातूरचा छायाचित्रकार यांचे उत्तर:

वरच्या उत्तरातील प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. लग्नसराईत माझ्या दोन फ्लॅशमध्ये मिळून आठ सेल असतात आणि अक्षता पडताना फ्लॅश भरायला उशीर झाला तर तो क्षण पुन्हा मिळत नाही, म्हणून या विषयाकडे मी पोटापाण्याच्या नजरेने पाहत आलो आहे.

सर, आधी सेलांवरच्या २८०० या आकड्याबद्दल. डबल ए मापाच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये २५००-२७०० एमएएच ही जवळजवळ शेवटची हद्द आहे, त्यामुळे ३००० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर तो सेल हातातून खाली ठेवावा. शिवाय खरोखर मोठ्या क्षमतेचे सेलही दोन ध्रुवांमधला पडदा पातळ करून आणि मसाला ठासून बनवलेले असतात. ते कमी वेळा चार्ज होतात आणि नुसते ठेवले तरी लवकर उतरतात. सॅनयो कंपनीने २००५ च्या नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये ‘एनेलूप’ नावाचे सेल आणले, तेव्हा त्यांची क्षमता २००० एमएएचच्या आसपासच होती, पण भरून ठेवले तर वर्षभरानंतर ८५ टक्के चार्जिंग शिल्लक राहते, हा त्यांचा खरा गुण होता. आता ते पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात आणि याच प्रकारचे, म्हणजे स्वतःहून कमी उतरणारे, सेल इतर कंपन्यांचेही आहेत. सप्ताहाला आणि लग्नाला हेच घ्यावेत. चार दिवस आधी भरून ठेवले तरी आयत्या वेळी ते भरलेलेच असतात.

आता चार्जरविषयी. केवळ भरून थांबणारा चार्जर घराला पुरतो, पण ज्याचे काम सेलांवर अवलंबून आहे त्याने क्षमता मोजून दाखवणारा चार्जर घ्यावा. तो सेल आधी पूर्ण भरतो, मग १ व्होल्टच्या आसपास येईपर्यंत उतरवून किती एमएएच निघाले ते पडद्यावर दाखवतो आणि पुन्हा भरून ठेवतो. याला दिवसभर लागतो, म्हणून मी हे वर्षातून दोनदाच करतो, दसऱ्याला आणि फेब्रुवारीत. मोजलेला आकडा मी कायम शाईच्या पेनाने सेलच्या अंगावर लिहितो, शेजारी जोडीचे अक्षर. ‘क १’ आणि ‘क २’ एकत्रच लागतात, एकत्रच उतरतात आणि एकत्रच चार्जरवर जातात. त्यातला एक छापील क्षमतेच्या साठ-पासष्ट टक्क्यांखाली गेला की पूर्ण जोडी फ्लॅशमधून निवृत्त होऊन घरातल्या टॉर्चमध्ये नाहीतर मुलांच्या खेळण्यात जाते.

एक इशारा फार कळकळीने देतो. हल्ली पेन्सिल सेलच्या आकाराचे, पण आत लिथियम असलेले सेल बाजारात आले आहेत. त्यातला एक प्रकार १.५ व्होल्टचा असून त्याच्या अंगालाच यूएसबीचे छिद्र असते. तो वाईट नाही, पण शेवटपर्यंत १.५ व्होल्ट देऊन एकाएकी बंद होतो, त्यामुळे माईकवरचा ‘बॅटरी कमी’चा दिवा आधी सूचना देत नाही, शिवाय त्याच्या आतल्या सर्किटमुळे काही कॉर्डलेस माईकमध्ये खरखर येऊ शकते. दुसरा प्रकार ३.७ व्होल्टचा, ज्याला १४५०० म्हणतात. तो आपल्या माईकमध्ये चुकून बसवला तर माईक जळेल. यांपैकी कोणताही सेल निकेल-मेटल हायड्राइडच्या चार्जरमध्ये लावू नये, आणि एकदा वापरून टाकायचे साधे अल्कलाइन सेलही लावू नयेत. ते फुटून आतला क्षार बाहेर येतो.

दुधनाकाठ:

आपणा दोघांचा मनःपूर्वक आभारी आहे. काल परभणीला गेलो होतो. तिथे एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे मोजणारा चार्जर होता, तिथे चार सेल दिवसभर लावून ठेवले. आकडे असे आले: १५१०, १४४०, ६२०, आणि चौथ्याला चार्जरने ओळखलेच नाही, कप्पा रिकामा असल्याचे दाखवले. २८०० च्या जवळ एकही नाही. ६२० चा सेल आणि १५१० चा सेल सप्ताहात त्याच माईकमध्ये जोडीने होते, हे मला खुणेवरून आठवते, कारण त्यातल्या एकाच्या वेष्टनाला मी बुक्क्याचा डाग पडलेला पाहिला होता.

दोन शंका उरल्या आहेत. न ओळखलेला सेल जिवंत करता येतो का? आणि उन्हाचे काय करावे? आमच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात रात्री दहा वाजतासुद्धा पत्रा हाताला गरम लागतो.

वाळूजचा दुरुस्तीवाला:

सेलचा व्होल्टेज फारच खाली गेला की चार्जरला तिथे सेल आहे हेच कळत नाही. बऱ्याचदा असा सेल जोडीतल्या सशक्त सेलमुळे उलटा चार्ज झालेला असतो: दुबळा पूर्ण उतरल्यावरही माईक चालूच राहिला, तर सशक्त सेल त्यातून प्रवाह ढकलतो आणि दुबळ्याचे ध्रुव उलटतात. आपला जुना चार्जर काही ओळखत नाही, हाच इथे त्याचा उपयोग आहे. त्यावर आपल्या डोळ्यांसमोर पाच-दहा मिनिटे लावून नंतर नव्या चार्जरवर टाकला तर कधी कधी तो सेल घेतला जातो. पण त्यावर कीर्तन सोपवू नये. माईकचा आवाज किंचित दबला किंवा दिवा लाल झाला की सेल लगेच बदलावेत, पूर्ण बंद पडेपर्यंत ओढू नयेत. सेल मरण्याचे निम्मे कारण तिथेच असते.

उन्हाबद्दल. हे सेल साधारणपणे ० ते ४५ अंशांच्या आतच चार्ज करावेत, असे त्यांचे उत्पादक सांगतात, आणि १० ते ३० अंश हा त्यांचा सुखाचा पट्टा आहे. गरम सेल चार्जिंग नीट घेतही नाही, कारण ऑक्सिजन लवकर सुटू लागतो आणि दिलेली वीज साठण्याऐवजी उष्णतेत जाते. त्यावर कळस म्हणजे, तापमान पाहून थांबणारा चार्जर सेल भरण्याआधीच थांबून हिरवा दिवा दाखवू शकतो. आपल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी सहज ४५ च्या वर पारा जात असेल. चार्जर तिथून हलवावा. गावात कोणाचे माळवदाचे घर असेल तर त्याच्या आतल्या खोलीत, शहाबादी फरशीवर, चहूकडून वारा लागेल असा ठेवावा. कोनाड्यात कोंबू नये आणि गादीवर तर मुळीच ठेवू नये. चार्जरवरून काढलेला सेल कोमट असावा. मुठीत धरवत नसेल तर काहीतरी चुकते आहे.

रात्रभर लावण्यास चांगल्या चार्जरवर हरकत नाही, पण पहाटे चारला लावून काकड्यानंतर नऊला काढलेले सर्वांत चांगले, कारण आपल्याकडे दिवसातला सर्वांत थंड वेळ तोच.

नांदेडची निवृत्त प्रयोगशाळा सहायक यांचे उत्तर:

मी महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत होते आणि घरी माझ्या सासूबाईंचा रक्तदाब सकाळ-संध्याकाळ मीच पाहते, म्हणून त्या प्रश्नापुरते लिहिते. साधा अल्कलाइन सेल नवा असताना १.५ व्होल्ट देतो आणि वापरता वापरता उतरत जातो, रिचार्जेबल सेल मात्र बराच काळ १.२ च्या आसपास स्थिर राहतो. काही यंत्रे अल्कलाइन सेल गृहीत धरून बनवलेली असतात, त्यांना १.२ म्हणजे सेल संपत आल्यासारखे वाटते आणि ‘बॅटरी कमी’ची खूण लवकर येते. यंत्रासोबतची पुस्तिका आधी वाचावी. तिच्यात अल्कलाइनच वापरा असे लिहिले असेल तर तेच वापरावेत, आणि रिचार्जेबल चालत असतील तर स्वतःहून कमी उतरणारेच घ्यावेत. आमच्याकडच्या यंत्राला चार सेल लागतात. पट्टा फुगवणारा छोटा पंप सुरू होतो तेव्हा सेलांवर सर्वांत जास्त भार येतो, आणि दुबळा सेल असला तर यंत्र तिथेच चूक दाखवून थांबते. म्हणून चारही सेल एकाच वयाचे असावेत, माईकमधून निवृत्त झालेले तिथे घालू नयेत. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र साधा स्वस्त सेलच बरा. घड्याळ इतकी कमी वीज घेते की तिथे रिचार्जेबल सेल अडकवून ठेवण्यात काही हशील नाही.

सर, शेवटची विनंती त्या न ओळखलेल्या सेलबद्दल आहे. तो उकिरड्यावर टाकू नका. आपल्याकडे उकिरड्याचे खत शेतात जाते आणि सेलमधले निकेल त्याच्याबरोबर जाते. चुलीत तर कधीच टाकू नये, बंद सेल तापून फुटतो. बॅटरी कचऱ्याचे जे नियम केंद्र सरकारने २०२२ मध्ये केले, त्यांत असे लहान सेलही येतात आणि वापरलेले सेल परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. आम्ही घरी एका प्लास्टिकच्या बरणीत, प्रत्येक सेलच्या टोकाला चिकटपट्टी लावून, ते साठवतो आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे देतो. आपण शिक्षक आहात, तेव्हा अशी एक बरणी शाळेत ठेवता आली तर फार चांगले होईल.

दुधनाकाठ:

ताई, बरणी उद्याच ठेवतो. रक्तदाबाच्या यंत्राची पुस्तिका सापडली. तिच्यात अल्कलाइन सेल वापरावेत असे स्पष्ट लिहिले आहे, त्यामुळे तिथे तेच राहतील.

मंडळाच्या वर्गणीतून चार स्वतंत्र कप्प्यांचा, क्षमता मोजणारा चार्जर घेतला आहे. दुकानात एकच सेल तिसऱ्या कप्प्यात लावून पाहिला आणि दिवा लागल्यावरच पैसे दिले. सोबत २००० एमएएचचे स्वतःहून कमी उतरणारे आठ सेल घेतले. ५०० मिलिअँपिअरवर लावून पहिल्याच मोजणीत ते १९२० ते १९८० च्या दरम्यान आले. चार्जर आता मंडळाच्या विणेकऱ्यांच्या माळवदाच्या घरात आहे. सेलांवर ‘क’, ‘ख’, ‘ग’, ‘घ’ अशा जोड्या लिहिल्या आहेत. काल एकादशीच्या कीर्तनाला ‘क’ जोडी लावली होती. सव्वादोन तासांनी माईक बंद केल्यावर दोन्ही सेल मल्टिमीटरवर १.२८ व्होल्ट दाखवत होते.